अळंबी आणि पिसोरी : माझं एकुलतं एक व्याख्यान

मी पिसोरी पाहिल्याचं जाहीर केलं तेव्हा सकाळचे सव्वासात वाजले होते आणि माझ्या चष्म्याच्या दोन्ही काचांवर पावसाचे थेंब होते. यातली पहिली गोष्ट मी पुढे बऱ्याच लोकांना सांगितली. दुसरी सांगायची राहून गेली.

पिसोरी म्हणजे आपल्या जंगलातलं सगळ्यात छोटं हरीण, असं लोक म्हणतात. जाणकार म्हणतात, ते खरं हरीणच नाही. सशाहून थोडं मोठं, शिंगं नाहीत, शेपटी नावापुरती, पाय पेन्सिलीसारखे, तपकिरी अंगावर पांढरे ठिपके आणि पट्टे. लाजाळू इतकं, की जंगल खात्यात उभी नोकरी काढलेल्या माणसांनाही ते दिसलेलं नसतं. हे सगळं मी नंतर वाचलं. त्या सकाळी मला फक्त नाव ठाऊक होतं, आणि तेही आदल्या रविवारी ऐकलेलं.

मी एका सरकारी कचेरीत नकाशे सांभाळायचो. रायगड जिल्ह्यातला कुठला डोंगर किती उंच, हे मी झोपेतही सांगितलं असतं. चढलो मात्र एकही नव्हतो. निवृत्त झालो आणि खांदा कॉलनीतल्या घरात माझी अडचण व्हायला लागली. आमच्या सौभाग्यवती शाळेत शिक्षिका होत्या; माझ्याआधी दोन वर्षं निवृत्त होऊन त्यांनी दिवसाची घडी नीट बसवली होती. त्या घडीत मी कुठेच बसत नव्हतो. "अहो, तुम्ही सकाळी कुठेतरी जात जा," असं तिने फार प्रेमाने सुचवलं, आणि मी कॉलनीतल्या रविवारच्या जंगलवाल्यांमध्ये सामील झालो.

आम्ही सहा जण होतो. म्होरक्या म्हणजे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई. सगळे त्यांना बाईच म्हणत. बुटक्या, काटक, गळ्यात दुर्बीण आणि हातात एक छोटी वही. बाई कमी बोलत आणि जास्त लिहीत. बाकीचे चौघे जास्त बोलत आणि फोटो काढत. मी दोन्ही करत नसल्यामुळे डबे सांभाळायचं काम माझ्याकडे आलं होतं.

त्या रविवारी कर्नाळ्याच्या अलीकडे, हायवे सोडून आत जाणाऱ्या एका पायवाटेवर आम्ही होतो. श्रावण चालू होता. मंडळी पुढे गेली होती आणि मी डब्यांची पिशवी घेऊन मागे राहिलो होतो. डावीकडच्या करवंदीच्या जाळीत काहीतरी हललं. तपकिरी, लहान, अंगावर पांढरं काहीतरी. क्षणभर थांबलं, माझ्याकडे बघितलं आणि उडी मारून गेलं.

"पिसोरी!" मी ओरडलो. "पिसोरी! पिसोरी!"

मी एकदाच ओरडलो असतो तरी चाललं असतं. पण सहा महिने डबे वाहिलेल्या माणसाला संधी मिळाली की तो तीनदा ओरडतो.

सगळे धावत आले. बाई सगळ्यांत शेवटी, सावकाश आल्या.

"काय दिसलं?"

"पिसोरी."

"ठिपके होते की पट्टे?"

"दोन्ही."

"शेपटी?"

"होती. म्हणजे असणारच. हलत होती."

बाईंनी माझ्याकडे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. बाकीच्यांनी माझे हात हातात घेतले. आमच्यातल्या एका निवृत्त इंजिनिअरसाहेबांनी मला मिठी मारली, ओल्या रेनकोटसकट. परत येताना डब्यांची पिशवी त्यांनी उचलली. हे मला इतकं आवडलं, की आपण नक्की काय पाहिलं हा विचार मी करायचाच टाळला.

दुपारपर्यंत व्हॉट्सॲपवर माझं नाव झालं होतं. चार दिवसांत खारघरहून दोन अनोळखी माणसांचे तीन-चार फोन आले. मी त्यांना वर्णन करून सांगितलं. प्रत्येक वेळी तो प्राणी थोडा जास्त वेळ थांबत गेला. तिसऱ्या फोनपर्यंत आम्ही दोघं एकमेकांकडे अर्धं मिनिट बघत होतो.

त्यात भर म्हणून मी अळंबीबद्दलही बोलून बसलो. जंगलातली अळंबी पावसात पनवेलच्या बाजारात येते. डोंगरातल्या वाड्यांवरच्या ठाकर बायका पानांवर जुड्या मांडून बसतात. मी ती दरवर्षी आणतो. आणतो, एवढंच. पण ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकून "ही खायची का?" असं विचारल्यावर मी "वारुळावरची अळंबी वेगळी, मी लगेच ओळखतो" असं लिहून मोकळा झालो.

बाईंचा फोन आला. "कॉलनीच्या वाचनालयात पुढच्या रविवारनंतरच्या रविवारी एक कार्यक्रम ठेवू. तुम्ही बोला. अळंबी आणि पिसोरी, दोघांची तुलना."

"तुलना?" मी म्हणालो. "बाई, एक भाजी आहे."

"भाजी नाही. वनस्पतीसुद्धा नाही. जशी पिसोरी हरीण नाही. दोघंही जंगलाच्या जमिनीलगत जगणारी, दोघंही लपून असणारी, आणि दोघांनाही लोक भलत्याच नावाने ओळखतात. तुम्ही दोन्ही पाहिलंयत. तुमच्यासारखा माणूस कुठे मिळणार?"

यात टोमणा आहे हे मला कळलं नाही. मी होकार दिला.

"तुम्ही व्याख्यान देणार?" बायको म्हणाली. "तुम्हाला गवार आणि चवळीच्या शेंगा सांगितल्या तर तुम्ही घेवडा आणता."

"त्याचा काय संबंध?"

"काही नाही. द्या."

मी जोरात तयारीला लागलो. नकाशांच्या नोकरीत एक सवय लागली होती: जे कळत नाही त्याचा तक्ता करायचा. भाच्याच्या जुन्या लॅपटॉपवर मी दोन रकाने आखले. उंची : अळंबी एक वीत, पिसोरी दीड वीत. पाय : अळंबीला एक, पिसोरीला चार. रंग : एक पांढरट, एक तपकिरी. आवाज : दोघांनाही फारसा नाही. शत्रू : दोघांचाही माणूस. सहाव्या ओळीला माझं ज्ञान संपलं. व्याख्यान चाळीस मिनिटांचं होतं.

तेव्हा मला बाजारातल्या मावशींची आठवण झाली. मी त्यांना मावशी म्हणायचो. वयाने त्या माझ्याहून निदान दहा वर्षांनी लहान असतील. दर पावसाळ्यात भाजीबाजाराच्या तोंडाशी एका पोत्यावर बसलेल्या असत. कर्नाळ्याच्या बाजूच्या एका वाडीतून येत. मी गेलो तेव्हा त्यांच्यापुढे शेवटच्या दोन जुड्या उरल्या होत्या.

"मावशी, ही अळंबी उगवते कुठे?"

"रानात."

"रानात कुठे?"

"वारुळावर."

"वारूळ कुठे?"

"रानात," मावशी म्हणाल्या आणि शेजारणीकडे बघून हसल्या. असे प्रश्न विचारणारा त्या पावसाळ्यातला मी पहिलाच नसावा.

मी तीन दिवस रोज गेलो. तिसऱ्या दिवशी खरं काय ते सांगितलं: मला लोकांसमोर अळंबीबद्दल बोलायचंय आणि मला काही येत नाही. पहिल्या दोन दिवसांत मी खूप हुशारीने बोललो होतो, त्याचा उपयोग झाला नव्हता. याचा झाला.

"उद्या सकाळच्याला या," मावशी म्हणाल्या. "फाट्यावर उतरा. पण एक हाय. जागा कुनाला सांगायची नाय. लोकं येतात न मुळासकट उपटून नेतात."

मी शपथ घेतली. घरी जाऊन नवे बूट काढले. डोंगर चढायचे खास बूट होते. तळव्याला खाचा असलेले, पाणी आत न येणारे, घेतल्यापासून खोक्यातच ठेवलेले. मावशी रबरी चप्पल घालून आल्या होत्या. वाडीच्या मागे, अभयारण्याच्या हद्दीबाहेरच्या उतारावर आम्ही चढायला लागलो. पहिल्या दहा मिनिटांत मी दोनदा घसरलो. तिसऱ्यांदा घसरलो तेव्हा मावशींनी मागे न बघता विचारलं, "बुटं नवी हायत का?"

"हो."

"काढून हातात घ्या."

मी काढले नाहीत. अभिमान नावाची गोष्ट असते. पुढे एका ओढ्याच्या काठावर चौथ्यांदा घसरलो तेव्हा उजव्या गुडघ्यात काहीतरी चमकलं, आणि मग अभिमानाने गुडघ्यासाठी काहीच केलं नाही.

एका कुजलेल्या ओंडक्याशी मला पांढरीशुभ्र छत्री दिसली. इतकी सुरेख, की मी मावशींना ओलांडून पुढे झालो आणि ती उपटून हातात घेतली. "मावशी, सापडली! ओळखली की नाही?"

मावशींनी हातातल्या काठीने ती माझ्या हातातून सरळ खाली पाडली. "हात धुवा. आधी हात धुवा! इखारी हाय ती. खाल्ली तर दवाखान्यात नेईपर्यंत बी राहाणार नाय मानूस."

मी ओढ्यात हात धुतले. दोनदा धुतले. ग्रुपवर "मी लगेच ओळखतो" असं लिहिलेलं आठवून तिसऱ्यांदा धुतले.

वारूळ म्हणजे मला वाटत होतं तसं उंच, टोकदार काही नव्हतं. मातीचा एक बसका उंचवटा, वर गवत. मी शेजारून गेलो असतो आणि कळलंही नसतं. त्यावर वीस-पंचवीस अळंब्या होत्या. काही उघडलेल्या, काही अजून मिटलेल्या, टोक काढून वर आलेल्या, जणू खालून कुणीतरी बोट काढून बघतंय. मावशी गुडघ्यांवर बसल्या. काठीच्या टोकाने एका अळंबीच्या बाजूची माती हळूहळू बाजूला केली. देठ संपेना. हातभर खाली गेला तरी तो पुढे जातच होता.

"खाली काय आहे?"

"वाळवीचं घर. वाळवी खाली हिची शेती करती. पानं-काटक्या चावून चावून मऊ करती, त्यावर हिला वाढवती न खाती. वर्सभर. मंग पावसात एकदा ही वर येती. दोन-तीन दिस झालं का संपली."

हे मी नंतर पुस्तकात वाचलं तेव्हा त्यात तीन पानं लागली होती.

मावशींनी निम्म्या काढल्या, निम्म्या ठेवल्या. मी विचारलं, या का नाही? "ह्या राहू द्या. ह्या पिकतील, वाऱ्यावर जातील. पुढल्या वर्साला पाहिजेत ना?" मी वहीत लिहून घेतलं. वही मी बाईंचं बघून नवीन घेतली होती.

परत येताना मावशींनी चहाला घरी नेलं. अंगणात सूनबाई तांदूळ पाखडत होत्या. मी खाटेवर बसलो, गुडघा चोळायला घेतला, आणि समोर बघितलं तर खुंटीला पिसोरी बांधलेली होती.

तपकिरी. अंगावर पांढरे ठिपके. मानेवर एक पांढरा पट्टा. शेपटी हलत होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मेऽऽ."

"ह्या करडापायी जीव नकोसा झालाय," मावशी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या. "दोर चावून पळतं. मागल्या पंधरवड्यात एकदा रविवारी पार सडकेपर्यंत गेलं हुतं."

"सकाळी?" मी विचारलं.

"सकाळीच. ही गेली हुती शोधायला."

सून हसायला लागली. "आत्या, तो मानूस सांगा ना."

"हां. हिनं ऐकलं, कुनीतरी पिसुरी पिसुरी करून वरडत हुता झाडीत. करडू घाबरून घराकडंच पळत आलं. बरंच झालं. पर ही म्हनली, कोन यडा हाय बाई ह्यो."

मी चहाचा कप खाली ठेवला. त्या वेळी गप्प बसणं शक्य होतं. कुणालाही काही कळलं नसतं. पण समोर ते करडू माझ्याकडे बघत होतं, अर्धं मिनिट, अगदी फोनवर मी सांगितलं होतं तसं.

"मावशी," मी म्हणालो, "तो यडा मीच."

सुनेच्या हातून सूप निसटलं. मावशी आधी उभ्याने हसल्या, मग जोत्यावर बसून हसल्या, मग पदर तोंडाला लावून हसल्या. शेजारच्या घरातून दोन बायका बघायला आल्या. त्यांना सांगितल्यावर त्याही बसल्या. त्या अंगणात त्या दिवशी माझ्यामुळे जितका आनंद झाला, तितका छत्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्यामुळे कुणालाही झाला नसेल.

हसणं ओसरल्यावर मी विचारलं, "पण तुम्ही पाहिलीय का कधी? खरी?"

मावशींनी तीन बोटं वर केली.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती हसली नाही, हे मला जास्त लागलं. "मग रविवारी सांगून टाका," ती म्हणाली.

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोरच ओरडला होतात ना?"

मी दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन मावशींना वाचनालयात यायचं आमंत्रण दिलं. अळंबी घेऊन या, लोकांना खरी दिसू दे, असं म्हणालो. मनात दुसरंही एक होतं: एक तरी माणूस असा असेल ज्याच्यासमोर मला आता खोटं बोलणं शक्यच नाही.

रविवारी पाच वाजता वाचनालयाच्या हॉलमध्ये पस्तीसेक माणसं होती. पुढच्या रांगेत इंजिनिअरसाहेब. खारघरची फोनवाली दोघं. शेवटच्या रांगेत मावशी, मांडीवर टोपली, शेजारी माझी बायको. बाईंनी दोन वाक्यांत माझी ओळख करून दिली आणि कोपऱ्यात वही घेऊन बसल्या.

मी तक्ता दाखवला. "पाय : अळंबीला एक, पिसोरीला चार" या ओळीला लोक हसले, तो विनोद आहे असं त्यांना वाटलं. मग मी वारुळाबद्दल, वाळवीच्या शेतीबद्दल, हातभर लांब देठाबद्दल सांगितलं. ते चांगलं झालं, कारण ते मी पाहिलं होतं. मग पिसोरीची पाळी आली. मी पाणी प्यायलो.

"पिसोरीबद्दल मला एवढंच सांगायचंय," मी म्हणालो, "की मी ती पाहिलेली नाही. मी जे पाहिलं ते बकरीचं करडू होतं."

इंजिनिअरसाहेब उभे राहिले. मला वाटलं, आता डब्यांची पिशवी परत येणार. पण त्यांचे डोळे पाणावले होते.

"आम्ही समजलो," ते म्हणाले. "जागा उघड होऊ नये म्हणून तुम्ही स्वतःचं हसं करून घेताय. असा निसर्गप्रेमी मी पाहिला नाही." आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. हॉलभर टाळ्या.

"नाही हो," मी म्हणालो. "खरंच करडू होतं."

टाळ्या वाढल्या. खारघरवाल्याने फोन काढून माझा व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली. मी "मे मे करत होतं" असंही सांगून पाहिलं. लोक कौतुकाने मान हलवत होते. आयुष्यात मी बऱ्याच वेळा खोटं बोललो आणि पकडला गेलो. खरं बोलताना पकडलं न जाण्याची ही पहिलीच वेळ.

तेवढ्यात मागून आवाज आला. "करडू माझं हाय."

सगळ्यांनी मागे बघितलं. मावशी टोपली खुर्चीवर ठेवून उभ्या राहिल्या होत्या. "माझंच हाय. दोर चावून पळालं हुतं. ह्ये वरडले न ते घरी आलं. ह्ये खरंच बोलतायत, इस्वास ठेवा. ह्यांला पिसुरी दिसल कशी? डोंगर चढताना चारदा पडले."

आता जे हसू फुटलं ते मात्र खरं होतं. इंजिनिअरसाहेब सावकाश खाली बसले. माझी बायको तोंड रुमालात घालून बसली होती. तिचे खांदे हलत होते. घरी राहिलेलं हसू तिने इथे पूर्ण केलं.

बाई कोपऱ्यातून उठल्या. मावशींजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही पाहिलीय?"

"तीनदा."

"या. पुढे येऊन सांगा."

मावशी नाही नाही म्हणत होत्या. बायकोने त्यांना हाताला धरून पुढे आणलं. माइक हातात धरायला त्या तयार होईनात, म्हणून तो मी त्यांच्या तोंडापुढे धरून उभा राहिलो. माझ्या व्याख्यानातलं माझं सगळ्यांत उपयोगी काम ते होतं.

मावशींनी सांगितलं की पहिल्यांदा त्या दहा वर्षांच्या होत्या, लाकडं वेचायला गेल्या होत्या. एका पोकळ झाडाच्या बुंध्यात त्यांनी हात घातला तर आत काहीतरी उबदार होतं. हात बाहेर काढला नाही, तसाच ठेवला. आतलंही हललं नाही. "घाबरलं का दगड होऊन जातं ते. पळत नाय. आनि मी बी घाबरून दगड झाले." दुसऱ्यांदा उंबराखाली पडलेली फळं खाताना, उजाडताना. तिसऱ्यांदा पिलासकट. तेव्हा आईने पुढचा पाय दोनदा जमिनीवर आपटला, टक टक, आणि पिलू पाल्यात नाहीसं झालं.

कुणीतरी विचारलं, "अळंबी आणि पिसोरीत फरक काय, तुमच्या मते?"

मावशींनी विचार केला. "अळंबी जिथं आली तिथंच परत येती. वाट बघितली का भेटती. पिसुरीला मानसाचा वास लागला का ती वाटच सोडती. म्हनून अळंबी बघायला जावं न पिसुरी बघायला जाऊ नये."

माझ्या तक्त्यात या ओळीला रकाना नव्हता.

खारघरवाल्याने विचारलं, "ही जागा कुठे आली?"

मावशींनी क्षणाचाही विलंब न लावता हात उजवीकडे केला. "पार तिकडं. प्रबळगडाच्या मागल्या अंगाला." वाडी बरोबर उलट दिशेला होती. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी माइक घट्ट धरला आणि छताकडे बघितलं. पुढच्या रविवारी श्रोत्यांतले चार जण प्रबळगडाकडे जाऊन भिजून आले. त्यांना काही दिसलं नाही. मी त्यांना आलं घालून चहा करून दिला आणि काही बोललो नाही.

कार्यक्रम संपला, टोपलीतल्या अळंबीभोवती गर्दी झाली. बाई माझ्याजवळ आल्या आणि वही उघडून दाखवली. त्या सकाळच्या पानावर लिहिलं होतं: 'शेपटी हलत होती. बहुधा करडू.'

"बाई! तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

"अंदाज होता."

"मग बोलला का नाहीत? मला इथे उभं का केलंत?"

बाईंनी वही मिटली. "मी तीस वर्षं पिसोरी शिकवली," त्या म्हणाल्या. "कवटीतले दात, पायाची हाडं, सगळं. मुलं विचारायची, बाई, तुम्ही पाहिलीय का? मी म्हणायचे, हो. एकदाही पाहिलेली नाही. पोकळ झाडात हातसुद्धा घातला नाही कधी." मग जरा हसल्या. "तुम्ही पंधरा दिवसांत सांगून टाकलंत. मला तीस वर्षांत जमलं नाही. तुम्हाला जमतं का, ते बघायचं होतं."

मी त्यांची पिशवी उचलली आणि खाली रिक्षापर्यंत गेलो. त्या बसल्या, आणि रिक्षा निघायच्या आधी म्हणाल्या, "हे ग्रुपवर नको."

"नाही," मी म्हणालो. आणि टाकलं नाही. आता इथे लिहितोय ते त्यांना विचारून. त्या म्हणाल्या, लिहा, पण नाव घालू नका, आणि तुमचंही घालू नका, तुमच्या नावाने काहीही लिहिलं की लोक टाळ्या वाजवतात.

ओढ्याकाठी दुखावलेला माझा गुडघा व्याख्यानाला उभं राहिल्यामुळे दुसऱ्या दिवशी भोपळ्याएवढा सुजला. डॉक्टरांनी तीन आठवडे चढ-उतार बंद केले. रविवारी सकाळी सहाला मी गॅलरीत खुर्चीवर पाय वर करून बसलो होतो, तर बायको आतून आली ती टोपी, पावसाळी जाकीट आणि माझे नवे बूट घालून. दोन जोड मोजे घातल्यावर ते तिला बरोबर बसत होते.

"कुठे निघालीस?"

"बाईंनी बोलावलंय. तुमची जागा रिकामी आहे ना."

"डब्यांची पिशवी?"

"ती इंजिनिअरसाहेब घेतायत."

दुपारी बाराला ती परत आली. गालावर चिखल, केसांत कसलंसं वाळकं पान. बऱ्याच वर्षांत मी तिला इतक्या खुशीत पाहिलं नव्हतं. मी सकाळपासून एकटाच पेपर तिसऱ्यांदा वाचत होतो.

"काय दिसलं?"

"जंगल."

"आणि?"

ती बुटांच्या नाड्या सोडत होती. जरा थांबली, काहीतरी आठवून स्वतःशीच हसली, आणि ओले मोजे घेऊन न्हाणीघराकडे गेली. "भात लावा," आतून म्हणाली. "मला फार भूक लागलीय."